बाहेरची कॉइल

धारच्या फत्तेसिंगरावांची गाडी तापली की मरायची आणि निवली की उठून बसायची. गेल्या शतकाच्या शेवटाशेवटाला घेतलेली, कबुतरी रंगाची, जपानी बनावटीची. गावातल्या गावात ती ऐटीत फिरायची; पण घाटाबिल्लोदपर्यंत न्या म्हटलं की वाटेत एखादं झाड पाहून तिथे जीव टाकायची. आणि या गाडीपायी देवासच्या एका पोरीचा संसार अडला होता. हसू नका, खरोखर अडला होता.

पोरगी म्हणजे अवंती, विठोबाची एकुलती एक लेक. फत्तेसिंगरावांच्या हर्षितला दिली होती. आषाढात तिचा गर्भ गेला, तेव्हा सासूबाई नर्मदाबाईंनी स्वतः म्हटलं, "चार दिवस माहेरी राहून ये, अंगात ताकद येईल." त्याच गाडीतून हर्षित तिला देवासला सोडून गेला. त्या दिवशीही गाडी वाटेत दोनदा बंद पडली होती. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले तरी चार दिवस काही संपेनात.

शशिकला, म्हणजे अवंतीची आई, दर सणाला धारला फोन लावायची. नर्मदाबाई गोड बोलायच्या. "मूळ पाठवतो हो विहीणबाई. गाडी तेवढी धड होऊ द्या."

मूळ म्हणजे सुनेला न्यायला सासरहून येणारं माणूस. हा शब्द आता कोण बोलतं? अवंतीने तर पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईला विचारलं होतं, "मूळ मतलब? जड़?" शशिकलेला मात्र तो शब्द ऐकून भरून यायचं. बार्शीकडच्या तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत मूळ यायचं, घोड्यावर बसून यायचं. त्यानंतर थेट या नर्मदाबाईंच्याच तोंडी.

विठोबाने एकदा धीर करून म्हटलं होतं, "मीच टॅक्सी करून आणून सोडतो."  फत्तेसिंगराव फोनवर म्हणाले, "भाड्याच्या गाडीतून उतरलेल्या सुनेला आमच्याकडे ओवाळत नाहीत, व्याही. घरच्या गाडीतून गेली आहे, घरच्याच गाडीतून येईल." विठोबा वरमला. चूक आपलीच, असं त्याला वाटलं. त्याला नेहमी तसंच वाटायचं.

याचं मूळही, म्हणजे जड़, सांगून टाकतो. विठोबा ऐन पंचविशीत बार्शी सोडून देवासच्या कारखान्यात बिजलीच्या कामावर लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. आजूबाजूला सगळी हिंदी. दुकानात हिंदी, कारखान्यात हिंदी, शेजारी "काय भिया" एवढीच मराठी. लेक हिंदी शाळेत शिकली, तिला मराठी वाचायला दे म्हटलं की अक्षरं चाचपत बसायची. अशा माणसाला स्थळ बघायला गेल्यावर फत्तेसिंगरावांनी दारात हात जोडून म्हटलं, "यावं. बसावं. आपली वाट पाहत होतो." बस, विठोबा तिथेच विकला गेला. त्यांचे पूर्वज दरबारात होते, घरात सासऱ्याला मामंजी म्हणत, नणंदेला वन्सं म्हणत. ज्याच्या तोंडात इतकी स्वच्छ मराठी, त्याच्या पोटात काय काळंबेरं असणार? भाषेवरून माणसाची पारख करण्याचा हा मूर्खपणा परमुलखात राहिलेला मराठी माणूसच करू जाणे.

तर संक्रांतीनंतर विठोबाच्या डोक्यात आलं की गाडीच दुरुस्त करावी. धारच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते म्हणे. विठोबाने हर्षितला फोन करून खोदून खोदून विचारलं. थंड असताना लगेच सुरू होते? होय. तापल्यावर झटक्यात बंद पडते, आचके न देता? होय. मग अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते? होय ना, पापा, बताया तो.

विठोबाने फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "कॉइल! या जुन्या गाड्यांची कॉइल डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे इंजिनला ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, पोटातच असते. इंजिनच्या उष्णतेत ती शिजते. तापली की ठिणगी देत नाही, निवली की देते. नवी घातली तरी वर्षभरात तीच गत. हिला बाहेर काढायचं. वारं लागेल अशा जागी बाहेरची कॉइल बसवायची, तिथून एक वायर आत द्यायची. झालं!"

शशिकलेने देवापुढे साखर ठेवली. अवंती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

"राहू द्या ना, बाबा."

"का?"

"गाडी बंद आहे तोवर बरं आहे. चालू झाली की मग काय सांगतील ते?"

"न्यायला येतो म्हणून सांगतील! दुसरं काय सांगतील?" विठोबा चिडला. "नवऱ्याच्या घरी जायचं मन नाही का तुझं?"

अवंतीला जायचं होतं. हर्षितचे फोन रोजचे आठवड्यावर आले होते, आठवड्याचे महिन्यावर, तरी ती फोन उशाशी घेऊन झोपायची. पण बापाला जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं, आणि ते बोलून दाखवायची तिला भीती वाटत होती. ती घड्या घालत राहिली.

विठोबा इंदूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेला. बाहेरची कॉइल घेतली, मधोमध वायरची जागा असलेली डिस्ट्रिब्यूटरची टोपी घेतली, नवा रोटर, जाड काळी वायर. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसने धारला उतरला. शशिकलेने विहिणीसाठी तिळाच्या वड्या दिल्या होत्या, त्या त्याने हत्यारांना लागू नयेत म्हणून उराशी धरल्या होत्या.

फत्तेसिंगराव पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. या खेपेला "यावं, बसावं" काही झालं नाही. त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. "ती पाहा. उन्हाच्या आत होईल ना?"

"होईल की, दादासाहेब."

दारात हर्षितचे बूट होते. नर्मदाबाईंनी मात्र आतूनच सांगितलं की हर्षित पीथमपूरला ड्युटीवर गेला आहे. विठोबाने बुटांकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, दुसरे बूट असतील.

तो कामाला लागला. टोपी काढली, रोटर काढला, खालून ती जळकी कॉइल काढली. तिच्यावरचं रोगण उकळून फुटलं होतं. तिच्या जागच्या दोन वायरी रबराच्या बोंडातून बाहेर काढल्या, चाकाच्या वरच्या पत्र्यावर, जिथे वारा खेळतो तिथे, नवी कॉइल बसवली. हात सवयीने चालत होते आणि विठोबा मनातल्या मनात लेकीला गाडीत बसवत होता. पुढच्या सीटवर हर्षितशेजारी. मागे लाडवांचा डबा.

मध्येच चहा आला. घरात कपबशा नव्हत्या असं नाही. लग्नाच्या बैठकीत त्याच सोनेरी काठाच्या कपांतून विठोबा चहा प्याला होता. आज स्टीलचा पेला आला, आणि तो पायरीवर ठेवून गुड्डी, म्हणजे घरची कामवाली, आत गेली. हात काळे आहेत म्हणून असेल, विठोबाने स्वतःला समजावलं. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ फाटकातून आत आले, बॉनेटमध्ये डोकावले.

"कौन है, दादासाहेब? अच्छा काम कर रहा है।"

"मिस्त्री है देवास का," फत्तेसिंगराव म्हणाले. "हाथ अच्छा है।"

विठोबाच्या कानात तापलेलं तेल पडलं. व्याह्याला मिस्त्री म्हणाले! त्याने पान्हा घट्ट धरला, वर पाहिलं, आणि त्या गृहस्थांना नमस्कार केला. नमस्कार केला हो! त्याच पान्ह्याने ती गाडी पुन्हा खोलून सामान पिशवीत भरलं असतं आणि निघून आला असता तर मी ही गोष्ट आनंदाने सांगितली असती.

शेजारी गेल्यावर फत्तेसिंगराव उठून जवळ आले. "काय केलंत नेमकं?"

विठोबाला तेवढंच हवं होतं. त्याने जळकी कॉइल तळहातावर धरून समजावून सांगितलं. ही आत असते, तापते, जळते. म्हणून आतली काढून टाकली आणि बाहेरची आणली.

फत्तेसिंगरावांना ते फार आवडलं. "वा! आतली निकामी झाली की काढून टाकावी आणि बाहेरून दुसरी आणावी. साधी गोष्ट आहे, नाही का? आम्ही उगाच इतके दिवस काढले." आणि ते नर्मदाबाईंकडे पाहून हसले. दारातून नर्मदाबाईही हसल्या.

विठोबाही हसला. आपल्या कामाचं कौतुक झालं म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने हसला.

"ही जुनी घेऊन जा बरोबर," फत्तेसिंगराव म्हणाले. "आमच्या काय उपयोगाची."

मग गाडीची परीक्षा. फत्तेसिंगराव स्वतः चालवायला बसले आणि मांडूचा रस्ता धरला. भर दुपार, काच खाली, चढ लागला. याच चढावर गाडी आजवर हमखास मेली होती. विठोबा इंजिनकडे कान लावून बसला होता. वळण आलं, गेलं. तापमानाचा काटा वर चढला, इंजिन गुणगुणत राहिलं. वर पोचल्यावर फत्तेसिंगरावांनी एका खानावळीसमोर गाडी थांबवली, बंद केली, ताबडतोब किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. त्यांनी पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ती वेळ साधून विठोबाने विचारलं. "दादासाहेब, मग आता अवंतीसाठी..."

"पाठवतो."

"गाडी पाठवता?"

"विठोबा, आमच्या घराण्यात दिलेला शब्द कुणी मोडलेला नाही. येत्या रविवारी तुमच्या लेकीसाठी गाडी देवासला येईल. माधवीच्या मुलाला, शुभंकरला पाठवतो." माधवी ही त्यांची बहीण. "झालं समाधान?"

विठोबाचे डोळे भरून आले. उतरताना वाटेत कुठेही त्याला मांडूचे महाल दिसले नाहीत की दरी दिसली नाही. त्याला फक्त रविवार दिसत होता.

देवासला परतल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर ती जळकी कॉइल ठेवली, उरलेल्या वायरीचा तुकडा घेतला आणि अवंतीला बळेच समोर बसवून शिकवू लागला. "हे बघ. आधी काही बिघडलं की सगळं खोलावं लागायचं. आता सगळं बाहेर आहे. बॉनेट उघडलं की डाव्या हाताला कॉइल, तिच्यातून ही जाड वायर टोपीत. काही झालंच तर नुसती दाबून बसवायची. ओढली की सुटते, दाबली की बसते, कट् आवाज येतो. वाटेत हर्षितला दाखव."

अवंतीने वायर हातात घेतली. "त्यांचा फोन नाही आला, बाबा."

"कामात असेल! गाडी येतेय ना? शब्द दिलाय."

मग अवंतीही हळूहळू विरघळली. बापाचा आनंद एवढा मोठा होता की त्याच्यासमोर शंका धरून बसायला फार बळ लागलं असतं, आणि तिचं बळ आषाढातच संपलं होतं. शनिवारी तिने हातांना मेंदी लावली. केस धुतले. सासूबाईंना आवडते ती हिरवी साडी काढली. शशिकलेने लाडू वळले, ओटीचं सामान काढलं, बोळवणीची साडी आणली. जात्यावरची एक ओवी तिला अर्धी आठवली, ती तेवढीच दिवसभर गुणगुणत राहिली.

रविवारी ऊन तापल्यावर गाडी आली. कॉलनीच्या कोपऱ्यावर असतानाच विठोबाने आवाज ओळखला. "ऐका! एक मिसिंग नाही! धारहून इथवर, एकदाही बंद पडली नाही!" तो फाटकापर्यंत पळाला.

शशिकला औक्षणाचं ताम्हण घेऊन बाहेर आली. गाडी थांबली. शुभंकर एकटाच उतरला, धुळीचा चष्मा काढत.

"राम राम, मामाजी। जरा हाथ लगवा दो।"

मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर बसायला जागा नव्हती. तिथे अवंतीच्या साड्यांची ट्रंक होती. लग्नात दिलेला मिक्सर होता, तांब्याचा हंडा होता, गादी दोरीने बांधलेली होती. डिकीत शिलाई मशीन आणि भांड्यांची पोती. पुढच्या सीटवर नावं घातलेला आहेराचा पाट होता, त्यावर तिच्या चपला.

"हे काय?" विठोबाला समजेना. "हे सामान कशाला आणलं? हे तर घेऊन जायचं..."

शुभंकर पोरगा वाईट नव्हता. त्याला नुसतं लवकर मोकळं व्हायचं होतं. "मामाजी, दादासाहेबांनी जसं सांगितलं तसंच बोलतो. बोले, अवंतीसाठी गाडी पाठवायचा शब्द दिला होता, तो पाळला. तिचं जे काय होतं ते सगळं पोचवलं. सुईसुद्धा ठेवून घेतली नाही. आगे की बात वकीलसाब करेंगे।"

शशिकलेच्या हातातलं ताम्हण हललं, निरांजनाची वात तुपात पडून विझली. "हे मूळ आलं?" ती म्हणाली. "अहो, हे मूळ आलं का?"

शुभंकरने आणि विठोबाने सामान उतरवलं. होय, विठोबानेही उतरवलं. लेकीचा संसार स्वतःच्या हातांनी अंगणात मांडला, हंडा आडवा पडला होता तो सरळ ठेवला. शेजारणी गॅलरीत आल्या होत्या. शशिकलेने पाहुण्याला पाणी दिलं, चहाही दिला. सवयी माणसाला कुठवर ओढत नेतात पाहा. शुभंकरने चहा पिता पिता डब्याकडे बघितलं.

"ये डब्बा?"

"लाडू आहेत," शशिकला म्हणाली. "त्यांच्याकडे द्यायला केले होते."

"तो दे दो, पहुँचा दूँगा। अब उज्जैन जाना है। दादासाहेब और नर्मदा मामीजी कल से इंदौर में रुके हैं, हर्षित भिया भी। उन्हें लेके उज्जैन, लड़की देखने। गाडी सही हो गई तो अब सब काम फटाफट निपट रहे हैं।"

हे तो चहाच्या घोटामागे, सहज, बोलून गेला. आणि शशिकलेने डबा त्याच्या हातात दिला.

तो बाहेर येऊन गाडीत बसला, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली. पुन्हा घरघर. "अरे यार, मामाजी! ये तो फिर..."

विठोबा धावला. एवढं सगळं झालं तरी, गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर तो धावलाच. बॉनेट उचललं तर ते नुसतं टेकवलेलं होतं. डाव्या हाताला कॉइल होती. तिच्यातली जाड काळी वायर नव्हती.

त्याने मान वर केली. हंड्याशेजारी हिरव्या साडीत अवंती उभी होती. मेंदीच्या मुठीत वायर होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली, आणि शुद्ध मराठीत बोलली, तिच्या सासूच्या चालीवर.

"मामंजींना सांगावं, गाडी बंद आहे. धड झाली की पाठवू."

शुभंकरला काही कळलं नाही. विठोबाला सगळं कळलं. गॅलरीतल्या बायकांनाही कळलं, त्यातली एक तर पदर तोंडाला लावून हसली. इथे विठोबाने काही करायला नको होतं. नुसतं बॉनेट आपटून घरात जायचं होतं. उन्हात उभ्या राहिल्या असत्या तिघांच्या तीन स्वाऱ्या इंदूरच्या रस्त्यावर वाट बघत, आणि एका पोरीला एका दुपारपुरतं तरी आपल्यामागे कुणी आहे असं वाटलं असतं.

विठोबाने हात पुढे केला. "दे."

"बाबा, मुलगी बघायला चाललीय ती गाडी."

"दे म्हणतो ना! व्याह्यांची गाडी आपल्या दारात बंद पडली तर लोक काय म्हणतील? मिस्त्रीने काम बिघडवलं म्हणतील. माझ्या हातची आहे ती." आणि मग आवाज खाली आणून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "उद्या त्यांचं मन फिरलं तर? आपण कशाला वाकडं घ्यायचं?"

अवंतीने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ उघडली.

विठोबाने वायर पुसली, कॉइलमध्ये दाबली, टोपीत दाबली. कट्. "मार," तो शुभंकरला म्हणाला. गाडी अर्ध्या फेऱ्यात पेटली आणि गुणगुणू लागली. विठोबा कान देऊन उभा राहिला, त्याने हात पत्र्यावर ठेवला, तिथली थरथर तपासली. आणि क्षणभर, अगदी एक क्षण, काम नीट झालेल्या माणसाचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर आलं. अवंतीने ते पाहिलं. नेमकं तेच तिला दिसायला नको होतं.

गाडी कोपऱ्यावरून वळली. आवाज दूर जाईपर्यंत एकदाही अडखळला नाही.

"छान दुरुस्त केलीत, बाबा," अवंती म्हणाली. "आता कुठेच थांबणार नाही."

तिने वाकून आपल्या चपला उचलल्या आणि गादीची दोरी सोडायला बसली.